तंबाखूच्या पाईपचा वास घालवताना: आधी पाईप, मग तोंड, मग कपडे

निपाणीच्या वखारींवरून ज्याचे रोजचे जाणे-येणे आहे, त्याला तंबाखूच्या पानाचा वास नवा नसतो. तो उग्र असला तरी कोरडा असतो, आणि कपडे झटकून उन्हात टाकले की बराचसा निघून जातो. जळालेल्या तंबाखूचे तसे नाही. धुरातले डांबर आणि निकोटिन निवताना जिथे बसतात तिथेच चिकटून राहतात, आणि हवेत ओल आली की वास पुन्हा उठतो. मृग लागल्यापासून बेळगाव-खानापूरकडे कपाटातले कपडेही पुरते कोरडे राहत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात न आलेला कोटाचा वास आषाढात कपाट उघडताच अंगावर येतो.

पाईप ओढणारे बहुतेक जण वेलदोड्याने किंवा अत्तराने सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात पाईपपासूनच करावी. एका लग्नाला जाताना मी विझलेला पाईप कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. तळाशी उरलेला अर्धवट जळका, ओला चोथा तासाभरात अस्तरात पाझरला, आणि पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी नकळत पाट सरकवला. तो कोट दोनदा धुतल्यावरही खिशाचे अस्तर शेवटी बदलावेच लागले. म्हणून ओढून झाल्यावर चोथा आणि राख लगेच काढावी, पाईप पूर्ण निवू द्यावा आणि मगच नळी वेगळी करावी. पाईप गरम असताना नळी ओढली तर सांधा सैल होतो किंवा लाकूड तडकते. नळीतून पाईप क्लीनर (धागे गुंडाळलेली लवचीक तार) फिरवल्यावर तो तपकिरी, चिकट होऊन बाहेर येतो, आणि तोंडाला येणाऱ्या वासात मोठा वाटा याच चिकट थराचा असतो. आठवड्यातून एकदा क्लीनर थोड्या रममध्ये बुडवून फिरवावा; रंगकामाचे स्पिरिट मात्र कधीही वापरू नये, कारण त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. चिलीम ओढणारे छापी (चिलमीच्या तोंडाला गुंडाळायचे ओले फडके) धुऊन घेतात आणि आतला खडा घासून ठेवतात, त्यामागचे कारणही हेच आहे. नळी काळ्या एबोनाइटची असेल तर ती उन्हात ठेवू नये. त्या रबरात गंधक असते, आणि उजेडाने नळी हिरवट पडली की तिला स्वतःचाच घाण वास आणि चव येते.

तंबाखू कोणती यानेही फरक पडतो. लाटाकिया ही लाकडाच्या धुरावर वाळवलेली तंबाखू असल्याने तिचा वास कपड्यांत सर्वांत जास्त मुरतो. व्हॅनिला किंवा चेरीचा सुवास दिलेल्या तंबाखूचा धूर खोलीत गोड वाटतो, पण दुसऱ्या दिवशी पडद्याला येणारा शिळा वास गोड नसतो.

आता तोंड. पाईपचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न ओढताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते. पाईपवाल्याचा वास जीभ, टाळू, हिरड्या आणि मिशा यांत अधिक साठतो तो यामुळेच. धुराने तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की वास वाढतो. म्हणून ओढताना अधूनमधून पाणी प्यावे, नंतर खळखळून चूळ भरावी आणि जीभ मागच्या भागापर्यंत घासावी. मिशा व बोटे साबणाने धुणे हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. बडीशेप किंवा लवंग चघळल्याने लाळ सुटते, तेवढाच तिचा उपयोग. कुंद्याचा (बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा) घास घेऊन वास लपवण्याचा आमच्याकडचा प्रकार चवीला उत्तम आहे, पण साखरेने तोंड लवकरच आंबते.

कपड्यांच्या बाबतीत पहिला नियम असा की पाईप ओढण्यासाठी एक जुना सुती सदरा वेगळा ठेवावा आणि तो घरातल्या कपाटात कधीच टांगू नये. सुती कपडे धुण्यापूर्वी अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावेत. निकोटिन अल्कधर्मी असल्यामुळे आंबट पाण्यात त्याचे क्षार बनतात आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. त्यानंतर नेहमीच्या पावडरीने धुवावे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालू नयेत, कारण दोघे एकमेकांना मारतात. लोकरीची शाल किंवा कोट भिजवण्याऐवजी त्यावर सोडा भुरभुरून रात्रभर पिशवीत ठेवावा, सकाळी ब्रशने झटकावा आणि वाऱ्यावर टांगावा. वास असलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवू नये. उष्णतेने तो आणखी मुरतो. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवावे, पण अर्धवट ओले कपडे घडी करून ठेवू नयेत. डांबराच्या गोळ्यांनी तर दोन वास एकत्र होतात.

वास गेला म्हणजे धुराचा अपाय गेला असे नाही. कपड्यांवर बसलेले निकोटिन मांडीवर खेळणाऱ्या नातवाच्या हातालाही लागते. टाळू पांढुरकी होऊन तिच्यावर लाल ठिपके दिसू लागले, किंवा एवढे सगळे करूनही तोंडाचा वास टिकला, तर दंतवैद्याला दाखवावे. पाईपच्या उष्ण धुराने टाळूवर असे बदल होतात, आणि तोंडाच्या व ओठाच्या कर्करोगाचा धोकाही पाईपमुळे वाढतो.

शेवटी तपासणी. स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नये, कारण ते या वासाला सरावलेले असते. धुतलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेवावा, आणि सकाळी घरातल्या तंबाखू न ओढणाऱ्या माणसाच्या हाती देऊन त्याला पिशवी उघडायला सांगावे. त्याने नाक मुरडले, तर व्हिनेगरची बादली पुन्हा भरावी.