पोटदुखीची सोनोग्राफी: 'नॉर्मल' लिहिण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून पोट धरून आलेल्या पेशंटला रातोरात बेळगावला पाठवायचं की सकाळपर्यंत थांबवायचं, एवढं ठरवायला तालुक्याच्या इमर्जन्सीत सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवायचं यंत्र) हातात घ्यायचा असतो. तरी चिठ्ठीवर 'सोनोग्राफी नॉर्मल' असं लिहून येतं आणि पुढचे डॉक्टर त्यावर विसंबतात.

सगळ्यात महागात पडते ती घाई म्हणजे आधी कॅथेटर (लघवीची नळी), मग सोनोग्राफी. पंचविशीतली बाई, पाळी दीड महिना चुकलेली, ओटीपोटात कळा, चक्कर. सलाईन लागतं, कॅथेटर पडतो, मूत्राशय रिकामं होतं. आता आतड्यातला गॅस पुढे येतो आणि गर्भाशयामागे साचलेलं रक्त दिसत नाही. दोन तासांनी वरचं बीपी ८०. गर्भनळीतला गर्भ फुटलेला असतो. कॅथेटर पडलाच असेल तर त्यातून २००-३०० मिली सलाईन सोडा, नळी क्लॅम्प करा, मग पाहा. 'लग्न झालंय का' विचारून लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट टाळू नका. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येकीची करा. टेस्ट पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि पोटात रक्त असेल, तर थेट ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा, वाटेत दुसऱ्या सोनोग्राफीसाठी थांबवू नका. फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) मात्र भराच.

दुसरी खोड: यकृत आणि उजव्या किडनीमधल्या फटीवर एक नजर टाकून प्रोब उचलणं. पोटात साचलेलं रक्त किंवा पाणी बहुतेकदा यकृताच्या खालच्या टोकाशी आधी दिसतं, म्हणून टोक दिसेपर्यंत प्रोब खाली सरकवा आणि पुढे-मागे झुकवून पूर्ण फट पाहा. तिथे अनेकदा ४००-५०० मिली साचल्याशिवाय काही कळत नाही. डोकं थोडं खाली करून पुन्हा बघा, अर्ध्या तासाने परत एकदा. गोठलेलं रक्त काळं नसून करडं दिसतं. नवशिके ते आतडं समजून सोडतात.

अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे सुजलेलं नाही, असं नव्हे. दिसलं, ६ मिमीपेक्षा जाड असलं आणि दाबून चपटं होत नसलं, तरच ठामपणे बोला.

पन्नाशीपुढच्या माणसाच्या कुशीत कळ आली की 'मुतखडा' म्हणण्याआधी पोटातली महाधमनी (हृदयाकडून येणारी मुख्य रक्तवाहिनी) मोजा, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. ३ सेंमी किंवा जास्त म्हणजे फुगलेली.

आतडं फुटल्याचा संशय असेल तर उभ्याने छातीचा एक्स-रे काढा.

चिठ्ठीवर असं लिहा: 'उजवी फट, यकृताच्या टोकापर्यंत: द्रव नाही. ओटीपोट: नीट दिसलं नाही, मूत्राशय रिकामं. अपेंडिक्स: दिसलं नाही. वेळ रात्री २.४०.'