लाईट गेली तरी डाउनलोड तुटत नाही: न्यूजग्रुपची पहिली ओळख

देवगडात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि लाईटीपाठोपाठ नेटही जातं. तरी मोठी फाइल उतरवायची असेल तर न्यूजग्रुपसारखी सोय नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

न्यूजग्रुप म्हणजे विषयवार निरोप आणि फाइली ठेवायचे गट. ते ज्यावर चालतात ते यूजनेट, म्हणजे सर्व्हरांचं जाळं, वेबच्याही आधीचं. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ते सुचलं. ते होतं निरोपांसाठी, म्हणून आजही तिथे फाइल अखंड चढत नाही, तुकड्यांत चढते. तुकडा साधारण ७०० केबीचा धरला तर एक जीबीचे दीड हजारांच्या आसपास तुकडे होतात. मधेच लाईट गेली तर त्या क्षणी येत असलेले चार-दोन तुकडे वाया जातात, आधीचे डिस्कवर शाबूत राहतात.

आधी यूजनेटच्या सर्व्हरचं खातं घ्या. त्याला पैसे पडतात. महिन्याच्या वर्गणीपेक्षा ठरावीक जीबीचा ब्लॉक घ्यावा असं माझं मत. बहुतेक ठिकाणी त्याला मुदत नसते, त्यामुळे आठवडाभर नेट बंद राहिलं तरी नुकसान नाही.

मग सॅबएनझेडबीडी हा फुकट प्रोग्राम टाका. तो ब्राउझरमध्ये उघडतो. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड भरा, एसएसएल (जोडणी सुरक्षित ठेवणारी सोय) चालू करा, पोर्ट ५६३ ठेवा. कनेक्शन, म्हणजे सर्व्हरशी एकाच वेळी होणाऱ्या जोडण्या, आठ पुरेत. 'टेस्ट सर्व्हर' दाबून पाहा आणि मगच सेव्ह करा.

आता एनझेडबी फाइल. तिच्यात माल नसतो, कुठले तुकडे सर्व्हरवर कुठल्या ओळखक्रमांकाने आहेत त्याची यादी असते. ती प्रोग्रामला दिलीत की तुकडे गोळा करणं, जोडणं, उलगडणं तो स्वतः करतो. डिस्कवर मात्र फाइलच्या दुपटीहून जास्त जागा मोकळी ठेवा.

खरी गंमत पार-२ फाइलींची, म्हणजे मूळ फाइलसोबत दुरुस्तीसाठी चढवलेल्या जादा फाइलींची. सर्व्हरवरचे काही तुकडे गहाळ असतातच. घर बांधताना आपण चिरे चार जास्त मागवतो, कारण फुटलेल्याच्या जागी कुठलाही जादा चिरा बसतो. पार-२ चे ब्लॉक तसेच. दहा ब्लॉक खराब असले तर कुठलेही दहा जादा ब्लॉक पुरतात, आणि प्रोग्राम लागतील तेवढेच उतरवतो. 'रिपेअरिंग' असं दिसलं की घाबरून काम रद्द करू नका. जुन्या संगणकावर वेळ लागतो, लागू द्या. जादा ब्लॉकच कमी पडले तर मात्र ती फाइल सोडा, दुसरी एनझेडबी शोधा.

सिनेमे, गाणी चोरून उतरवू नका, तो गुन्हा आहे. व्हिडिओ म्हणून आलेली फाइल .एक्सई (म्हणजे प्रोग्राम) निघाली तर न उघडता उडवा. सुरुवातीला लिनक्स या फुकट प्रणालीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) घ्या आणि उतरल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेली अक्षर-आकड्यांची खूण, लिनक्सवाल्यांच्या मूळ साइटवरच्या चेकसमशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती वापरू नका.