कोल्हापूरची खाद्यसहल कशी आखावी

कोल्हापूरला खास खाण्यापिण्यासाठी यायचे ठरले, की सर्वांत आधी कॅलेंडर काढावे. हॉटेलांची यादी नंतरही करता येते. ऊस तोडणीला येतो आणि गुऱ्हाळे पेटतात ती साधारण दिवाळीच्या आगेमागे, आणि उन्हाळा तापू लागला की ती थंडावतात. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सोमवार, गुरुवार आणि शनिवार येथील अनेक घरांत शाकाहाराचे असल्याने आणि श्रावणात तर मटणाचा विषयच निघत नसल्याने, शनिवारी सकाळी पोहोचून रविवारी रात्री परतणे हा हिशेब सर्वांत सोयीचा ठरतो.

शनिवारची सुरुवात मिसळीने करावी. फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग ही नावे सर्वतोमुखी आहेत आणि त्यांतले श्रेष्ठ कोणते, हा वाद कोल्हापुरात कधीच मिटत नाही. पाहुण्याने त्यात न पडता जे मुक्कामापासून जवळ असेल तेथे लवकर जावे, कारण नावाजलेल्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि उशिरा येणाऱ्यांना कधीकधी संपल्याची पाटी पाहावी लागते. येथे मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या जाड स्लाइस मिळतात. तिखट सोसत नसेल तर कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यावा आणि बेताबेताने ओतावा.

दुपार गुऱ्हाळासाठी राखून ठेवावी. पन्हाळ्याच्या वाटेवर आणि करवीर तालुक्यातील गावांत रस्त्यालगत धूर दिसला, की तेथे थांबून मालकाची परवानगी घ्यावी. ती बहुधा आनंदाने मिळते. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, खाली वाळलेली चिपाडे जळत असतात आणि वर आलेली मळी गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, सतत काढून टाकत असतो. रस निवळावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची रीत जुनी आहे. पाक घट्ट होण्याआधीच्या टप्प्यावर मिळते ती काकवी, आणि त्यानंतर काहील उतरवून पाक गार करण्याच्या वाफ्यात ओतला जातो, तेव्हा कडेला चिकटलेला कोमट, मऊ गूळ बोटाने चाखण्याची संधी सोडू नये. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र गूळ घेताना रंगाला भुलू नये. फार पिवळाधमक गूळ रसायने वापरून उजळलेला असू शकतो, म्हणून माझी पसंती नेहमी तांबूस, गडद ढेपेलाच असते.

संध्याकाळी गंगावेशीतील दूध कट्ट्यावर जावे. तेथे गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. तालमींच्या या शहरात पैलवानांच्या खुराकामुळे ही सवय रुजली आणि टिकली. हे दूध न तापवलेले असते, म्हणून लहान मुले, गर्भवती आणि नाजूक पोटाच्या मंडळींनी केवळ पाहण्यावर समाधान मानावे. रात्रीचे जेवण हलके ठेवून खासबागेजवळ भेळ खाल्ली तरी पुरते.

रविवारची दुपार मटणाच्या ताटाची. तांबडा रस्सा कांदा-लसूण मसाल्यावर उभा असतो, तर पांढऱ्यात मटण शिजवलेल्या अळणी पाण्याला नारळाचे दूध, खसखस, तीळ यांची जोड असते. दोन्ही रस्से भाकरी मोडण्याआधी वाटीने प्यावेत, पांढरा आधी आणि तांबडा मागाहून, म्हणजे पांढऱ्याची सौम्य चव हरवत नाही. बहुतेक खानावळींत रस्सा पुन्हापुन्हा वाढला जातो, म्हणून पहिल्या वाढपातच पोट भरून घेऊ नये. शाकाहारी सोबत्यांसाठी अख्खा मसूर आणि भाकरी चांगली. पन्हाळ्यावर गेलात तर झुणका-भाकरीही आहेच.

हाताशी अर्धा दिवस अधिक असेल तर नृसिंहवाडी गाठावी आणि तेथील बासुंदी व कवठाची बर्फी घ्यावी. परतताना कांदा-लसूण मसाला घ्यायचा असेल तर त्यात तेल असते, हे लक्षात ठेवून तो घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घ्यावा. काकवीची बाटली उभीच ठेवावी आणि ती विमानात हातातल्या सामानात न नेता चेक-इन बॅगेत घालावी.