या चुका टाळा: स्क्रीन रीडर टाकताना आणि बॅकअप घेताना

फॉरमॅट मारण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केले की बॅकअप झाला, असं समजणाऱ्यांनी आजवर सगळ्यात जास्त घोळ घातलाय, म्हणून आधी तेच.

ओळखीच्या एका दृष्टिहीन अनुवादक बाईंचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला. 'सगळा डेटा घेतलाय' म्हणत तिथल्या पोराने विंडोज नव्याने टाकलं. फाइली खरंच सगळ्या परत आल्या. पण पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची सेटिंग्ज डॉक्युमेंट्समध्ये नसतातच, ती अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात असतात. यंत्राचा आवाज जी आडनावं आणि गावांची नावं चुकीची वाचायचा, त्या प्रत्येकाचा उच्चार बाईंनी एनव्हीडीएच्या शब्दकोशात भरून ठेवला होता. वर्षानुवर्षांचं ते काम गेलं. त्यात लॅपटॉप घरी आला तो मुका. आवाज चालवणारा साउंड ड्रायव्हर टाकायचं राहून गेलं होतं. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, सुरू करावा, तर तोही बोलणार कशातून? शेवटी यूएसबी हेडसेट लावला आणि आवाज आला. साध्या यूएसबी हेडसेटला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. तसा एक हेडसेट घरात ठेवाच.

माझी सवय सांगतो. एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूतून पेन ड्राइव्हवर पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, प्रत काढायची आणि सध्याची सेटिंग्ज सोबत घेण्याच्या चौकटीवर खूण करायची. शब्दकोश, अ‍ॅड-ऑन, आवाजाचा वेग, सगळं त्यात येतं. नव्या मशीनवर त्याच प्रतीतून इन्स्टॉल केलं की सेटिंग्ज परत घेण्याचीही चौकट मिळते. शब्दकोशात भर पडली की प्रत पुन्हा काढायची. एवढंही जड जात असेल तर पुढे रडू नका.

मात्र पोर्टेबल प्रतीवरच कायमचा संसार थाटू नका. अ‍ॅडमिनची परवानगी मागणारी खिडकी तिला वाचता येत नाही. इन्स्टॉल करतानाही त्या क्षणी आवाज थांबतो आणि उतावळे लोक 'हँग झालं' म्हणत पॉवरचं बटण दाबून धरतात. अहो, जरा दम धरा. इंग्रजी विंडोज असेल तर क्षणभर थांबून ऑल्ट आणि वाय दाबा, गाडी पुढे जाते.

जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर आणि एनव्हीडीए एकाच वेळी चालू ठेवू नका. एनव्हीडीए अचानक गप्प झालं तर लगेच काढून टाकू नका, बहुतेक वेळा चुकून इन्सर्ट आणि एस दाबलं गेलेलं असतं. बोलेपर्यंत तेच पुन्हा दाबा.

आता बॅकअप. सी ड्राइव्हचा बॅकअप डी ड्राइव्हवर घेणाऱ्यांना काय म्हणावं? बहुधा डिस्क एकच असते, ती गेली की दोन्ही गेले. क्लाउडवरचं सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे, इथे उडवलेली फाइल तिथूनही उडते. एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा बाहेरची डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

पूर्ण सिस्टिमची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, घेणारे हुशार समजले जातात. पण ती परत टाकायला ज्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करावं लागतं, तो बोलतो का हे कोणी तपासत नाही. तिथे बहुधा तुमचा स्क्रीन रीडर नसतो, आणि ऐन अडचणीत कोणाला तरी पडदा वाचून दाखवायला बोलवावं लागतं. म्हणून सगळं ठीक चाललेलं असतानाच त्या पेन ड्राइव्हवरून एकदा मशीन सुरू करून पाहा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच फोनवर किंवा ब्रेलमध्ये उतरवून ठेवा. ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणारेही भेटलेत.

आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणारा व्हायरस, तीही कुलूपबंद करतं.