दुष्काळात नाशिकला आलेला खापरपणजोबा कसा शोधावा

घरातली वंशावळ, जुने उतारे, आजोबांचा शाळेचा दाखला हे सगळं तुम्ही काढून ठेवलंच असेल. म्हाताऱ्या आत्यांना विचारायचं राहिलं असेल, तर आज फोन करा.

मूळ गाव तालुक्यासकट पक्कं करा. नुसतं ‘पिंपळगाव’ म्हणाल तर हसतील.

मग नाशकात गोदावरीवरच्या रामकुंडावर जा. तिथले तीर्थोपाध्याय, म्हणजे विधी करणारे गुरुजी, येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. आपल्या मूळ गावाचे तीर्थोपाध्याय कोण, एवढंच विचारा. लोक इथे हटकून चुकतात: चार पिढ्या नाशकात काढल्या म्हणून नाशिकचं पान उघडायला सांगतात. वह्या लावलेल्या असतात गाववार. घराणं १८७६-७७ च्या दुष्काळात नगरकडून आलेलं असलं, तर अजूनही ते नगरकडच्याच पानावर असतं. पितृपक्षात जाऊ नका. दक्षिणेवरून घासाघीस नको.

पानावर आडनाव शोधू नका, बहुधा नसतंच. ‘राघो बिन विठू, मौजे अमुक’, म्हणजे अमुक गावचा, विठूचा मुलगा राघो, असं असतं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घही पाळत नाहीत. मोडी वाचणाऱ्याला सरळ पैसे द्या. चार दिवसांत शिकून आपणच वाचू, हा हट्ट मी केला होता आणि ‘बिन’ हे नावाचाच भाग समजून बसलो होतो.

खरी मेख तिथीत आहे. ‘शकात ७८ मिळवा’ असं जो तो सांगतो. अर्धवट सल्ला! शक बदलतो पाडव्याला, इंग्रजी साल जानेवारीत. म्हणजे माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे, आणि पौष असला तर जुनं पंचांग बघायचंच. आमच्या वहीत ‘शके १७९८ धातानाम संवत्सरे माघ शु॥ ५’, बापाच्या अस्थी घेऊन आला, अशी नोंद होती. मी ७८ मिळवून १८७६ चं साल धरलं आणि बापाच्या मृत्यूची नोंद शोधायला तालुक्याच्या गावी दोन खेपा फुकट घातल्या. नोंद होती १८७७ च्या सुरुवातीच्या पानांत.

आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव वाचा; साठ वर्षांच्या चक्रात दर वर्षाला वेगळं नाव असतं. १७९८ ला धाता, १७८८ ला क्षय. ‘९’ की ‘८’ हा वाद तिथेच मिटतो. वहीचा फोटो काढताना म्हणूनच नुसतं नाव नको, तिथीची अख्खी ओळ घ्या.

साल हाती आलं की मूळ गावच्या तहसील कचेरीत कोतवाल बुकासाठी, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीसाठी (गाव नमुना १४), नकलेचा अर्ज द्या. तिथेही आडनाव सांगत बसू नका. मयताचं नाव, बापाचं नाव आणि महिना सांगा. कारकून ‘एवढं जुनं नाही’ म्हणाला, तर अर्जावर पोच घ्या आणि आठवड्याने परत जा. मला तिसऱ्या खेपेला पान मिळालं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मधोमध ‘विठू’ आणि पुढे ‘ताप’ स्वच्छ वाचता येत होतं.