स्टँडबाय प्रमोट करताय? आधी जुन्या प्रायमरीचं बघा

पोस्टग्रेस डेटाबेसमधे स्टँडबाय (प्रायमरीची, म्हणजे मुख्य सर्व्हरची, चालती नक्कल) प्रमोट करणं, म्हणजे त्यालाच प्रायमरी बनवणं, एका ओळीचं काम आहे, पीजी_सीटीएल प्रमोट मारा नाहीतर १२ व्हर्जनपासून आलेलं पीजी_प्रमोट() चालवा, झालं. रेप्लिकेशन, म्हणजे ही नक्कल चालू ठेवणं, लावता येतं असं धरून लिहितोय. घोळ होतो तो दुसऱ्या मशीनवर.

म्हणजे बघा, प्रायमरी गेली, पिंग नाही, फोनवर फोन, तुम्ही स्टँडबाय प्रमोट केलात, तो नव्या टाइमलाइनवर (इतिहासाच्या नव्या फाट्यावर) गेला, सगळे खूश. मग कुणीतरी ते जुनं मशीन रीबूट करतं आणि सर्व्हिस एनेबल असल्यामुळे पोस्टग्रेस आपोआप वर येतं. 'तू स्टँडबाय आहेस' असं सांगणारी स्टँडबाय.सिग्नल फाइल तिथे नाही, म्हणजे ते उठतं ते प्रायमरी म्हणूनच, प्रमोशनचा त्याला पत्ताच नसतो. एखाद्या क्रॉन जॉबमधे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) किंवा पूलरच्या (कनेक्शन वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमधे जुना आयपी राहिलेला असतोच, तो तिकडे लिहायला लागतो. एरर कुठेही नाही! दोन्हीकडे सिक्वेन्स (आयडी देणारे काउंटर) आपापले पुढे चाललेत, म्हणजे एकाच आयडीच्या दोन वेगवेगळ्या ऑर्डर. असल्या ओळी हाताने जुळवताना माझे जे हाल झालेत ते अजून आठवतात.

'पीजी_रिवाइंड आहे ना' असं कुणीतरी म्हणतंच. आहे, ९.५ पासून आहे, पण तो जुन्या सर्व्हरला नव्यासारखा करतो, फाटा फुटल्यानंतर तिकडे लिहिलेलं सगळं जातं. आधी तो डेटा बाहेर काढा. आणि वॉल_लॉग_हिंट्स हे सेटिंग किंवा चेकसम आधीपासून चालू नसतील तर रिवाइंड विसरा, नवा बेस बॅकअप (सगळ्या डेटाची पूर्ण प्रत) घ्या.

मोठ्यांचंही होतं हे. ऑक्टोबर २०१८ मधे गिटहबचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं, त्यांच्या मायएसक्यूएल डेटाबेसचा फेलओव्हर (दुसऱ्या सर्व्हरकडे ताबा जाणं) आपोआप झाला, दोन डेटा सेंटरमधे एकमेकांकडे नसलेले राइट्स पडले आणि निस्तरायला २४ तास ११ मिनिटं गेली.

तेव्हा प्रमोटआधी जुना सर्व्हर मारा. लॉगिन होत असेल तर सर्व्हिस स्टॉप आणि डिसेबल, होत नसेल तर हायपरव्हायजरवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सिस्टिमवरून) पॉवर ऑफ, तेही नाही तर फायरवॉलवर पोर्ट बंद. पिंग नाही म्हणजे मेला असं अजिबात धरू नका.

घाबरू नका पण. ठरवून केलेला स्विचओव्हर खरंच सोपा असतो: प्रायमरी नीट बंद केली की जोडलेल्या स्टँडबायला उरलेला वॉल (बदलांची नोंदवही) पाठवूनच ती थांबते, मग प्रमोट. टेस्टवर हे हात बसेपर्यंत करा. पॅट्रोनी (फेलओव्हर आपोआप करणारं टूल) त्यानंतर, आणि घरी लिहिलेली बॅश फेलओव्हर स्क्रिप्ट कधीच नको. शेजारी बसून कीबोर्ड ओढून घेणारा सीनियरही नको, त्याच्याकडून काही शिकायला मिळत नाही.

कॉन्फिग कॉपी केली असेल तर सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स (ज्या स्टँडबायच्या होकारासाठी कमिट थांबतं त्यांची यादी) बघा, नाव आहे पण स्टँडबाय नाही अशी स्थिती असेल तर कमिट लटकतात आणि सर्व्हर तर चालू दिसतो. रेप्लिकेशन स्लॉटही (कुणाला कुठपर्यंतचा वॉल मिळाला याची नोंद) नव्याने बनवावे लागतील, लॉजिकल स्लॉट स्टँडबायला सिंक करायची सोय १७ व्हर्जनमधे आली.

शेवटी अ‍ॅपच्याच कनेक्शनमधून पीजी_इज_इन_रिकव्हरी() (हा स्टँडबाय आहे का) आणि इनेट_सर्व्हर_अ‍ॅडर() (आपण कुठल्या आयपीवर आहोत) चालवा. पहिल्याचं उत्तर फॉल्स हवं, पण जुना जिवंत असेल तर तोही फॉल्सच म्हणणार, म्हणून दुसऱ्याने दिलेला आयपी नीट वाचा.