बोटं आणि फरशी यांच्यात साडेअकरा इंच

माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते, त्यामुळे आकडा तरी खरा आहे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ४६व्या वर्षी, गुडघे न वाकवता पुढे वाकले तेव्हा मधलं बोट आणि फरशी यांच्यात साडेअकरा इंच राहिले. मुलगी टेप धरून खाली बसली होती. म्हणाली, "आई, वाक की." म्हटलं, "अगं, वाकलेच आहे."

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. मशीनपुढे स्टुलावर बावीस वर्षं झाली. मान खाली, खांदे पुढे, गुडघे काटकोनात. लग्नसराईत हे दहा-दहा तास चालतं. त्यामुळे योगासनं करताना माझ्यासारख्या आखडलेल्या माणसाला काय उपयोगी पडलं तेवढंच सांगते. डोक्यावर उभं राहायचं असेल तर दुसरीकडे विचारा.

सुरुवात मी चुकीचीच केली. एका वर्गात गेले होते. तिथे शिकवणाऱ्यांनी मी पाय पसरून पुढे वाकलेली असताना पाठीवर दोन्ही हात ठेवून दाब दिला, "सोडा, सोडा" म्हणत. बसायच्या हाडापाशी काहीतरी चटकन झालं. पुढचे तीन महिने मशीनवर बसताना उजव्या बाजूखाली उशी घ्यावी लागली. मांडीमागचे स्नायू त्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. ओढ जास्त झाली की दुखतं ते वरच्या टोकाला. तेव्हा पहिला नियम: पाठीवर कुणाला दाब देऊ द्यायचा नाही, नवऱ्यालाही नाही.

दाबून उपयोग का होत नाही, तेही समजून घ्या. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, आठवतंय? स्नायू अचानक ताणला गेला की तो स्वतःला वाचवायला आवळतो. हिसके देत, झोके घेत वाकलात की नेमकं हेच होतं. तुम्ही ओढता, तो आवळतो. हळू जाऊन थांबलं, श्वास सोडला, की तो पहारा सैल होतो. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक पडतो तो बहुतेक यामुळेच. स्नायू लांब झालेला नसतो, त्याची भीती कमी झालेली असते. आसन स्थिर आणि सुखाचं असावं असं पतंजलींनी सांगितलं, ते सगळ्यांना पाठ असतं. पण लगेच पुढच्या सूत्रात ते कसं साधायचं तेही सांगितलंय: प्रयत्नशैथिल्य. जोर कमी करा, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने लिहून ठेवलंय आणि आपण दात-ओठ खात वाकतो.

आता सामान. विकत काही आणू नका. खाटेच्या नवारीची सहा फूट पट्टी (नाहीच मिळाली तर जुनी सुती ओढणी, नायलॉनची नको, निसटते). दोन सोलापुरी चादरी, एक खुर्ची, एक बुटका स्टूल, एक पाट. लोड मी घरीच शिवला, आत कातरणातल्या चिंध्या भरल्या. ती चूक तुम्ही करू नका, गोळे होतात. कापूसच भरा.

नंतर ज्या बाईंकडे शिकले त्या पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार, म्हणजे गुरुजी, यांच्या पद्धतीने शिकवतात. गुरुजी लहानपणी सतत आजारी, मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं झालेलं, अंग लाकडासारखं ताठ. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. पट्टे, विटा, खुर्च्या लावून आसन माणसाच्या मापाचं करायचं, ही त्यांची रीत. मला ती लगेच पटली. गिऱ्हाइकाच्या दंडाचा घेर चौदा असेल तर मी बाही चौदाची बेतते, दंड कापून बाराचा करत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातूनच कळली. कापड उभ्या धाग्यात कितीही ओढा, येत नाही. तेच उरेब, म्हणजे तिरकं, धरलं की हातात सैल पडतं. जोर तेवढाच असतो, फक्त दिशा बदलते. वाकण्याचंही तसंच. आपण कमरेतून आणि पाठीतून वाकतो, आणि वाकायचं असतं जांघेतून. दोन्ही हातांच्या कडा जांघेच्या घडीत रोवा आणि पेटीचं झाकण बिजागरीवर मिटतं तसं छाती पुढे घेऊन वाका. हात तिथे चिमटले गेले तर बरोबर. पोट चिमटलं आणि पाठीचा कुबड झाला तर परत उभे राहा. मला हे एवढंच कळायला तीन आठवडे लागले, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त इंच त्यातच मिळाले.

आखडलेल्या माणसाने सुरुवात उभं राहून करू नये, झोपून करावी. पाठ फरशीवर टेकलेली असते, त्यामुळे तिला लबाडी करता येत नाही. उताणे झोपा. डावा गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर ठेवा. उजव्या तळव्याच्या मध्यावर, टाचेच्या थोडं पुढे, पट्टी अडकवून दोन्ही टोकं हातात धरा आणि पाय वर न्या. याला सुप्त पादांगुष्ठासन म्हणतात. नावात अंगठा धरायचा आहे, पण आपल्याला अंगठा अजून दोन वर्षं लांब आहे. टाच छताकडे ढकला. पाय सरळ होत नसेल तर गुडघा थोडा वाकलेला राहू द्या आणि पाय खाली आणा, पण मान वर उचलू नका, खांदे कानाशी नेऊ नका. पाय किती वर जातो ते पाहू नका. माझा पहिल्या दिवशी फरशीपासून जेमतेम अर्ध्या काटकोनावर थांबला आणि थरथरायला लागला. तो थरथरतो म्हणजे तुम्ही जास्त गेलात. दोन बोटं खाली या. तिथे अर्धा मिनिट. श्वास सोडताना पट्टी ओढायची नाही, फक्त धरून ठेवायची. मग दुसरा पाय. दोन्ही बाजूंनी दोन-दोन वेळा. महिन्याभराने मिनिटभर.

कसलं दुखणं चालतं? मांडीच्या मधोमध, जिथे मांस जाड आहे तिथे ऊब आणि ताण, हे चालतं. गुडघ्यामागे, बसायच्या हाडापाशी किंवा कमरेत बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं तर थांबा. पायात वीज गेल्यासारखी झिणझिण आली तर ती नस आहे, स्नायू नाही, ताबडतोब सोडा. मणक्यातली चकती सरकलेली असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मग पट्टी हातात घ्या.

दुसरं काम स्वयंपाकघरातच होतं. ओट्याच्या कडेवर तळवे ठेवा आणि पाय मागे नेत नेत धड जमिनीला समांतर करा. डोकं दंडांच्या मध्ये, गुडघे जरा मोकळे, बसायची हाडं मागे. खांदे आणि मांड्या दोन्ही एकदम सुटतात. मी आधी कुकरच्या शिट्टीवर वेळ मोजायचे. पण डाळ आणि भात यांच्या शिट्ट्यांचं गणित वेगळं. आता सावकाश दहा श्वास मोजते.

मग बसून. पाय पसरून जमिनीवर बसल्यावर कंबर मागे पडत असेल तर चादरीच्या घडीवर बसा, आणि तरीही पडत असेल तर दुसरी चादर. मला दोन्ही मिळून चार इंच लागले. लाज वाटली, पण पाठ पहिल्यांदा सरळ झाली. पट्टी तळव्यांना अडकवा आणि तेवढंच बसा, वाकू नका. पहिला महिना हेच पश्चिमोत्तानासन. तळवे जुळवून बसायच्या बद्धकोणासनात गुडघे हवेत राहतात, त्यांच्याखाली उशा द्या. गुडघे हाताने खाली दाबण्याचा मोह सगळ्यांना होतो, करू नका. चप्पल शिवणारे कारागीर तळव्यांत चप्पल धरून तासन्‌तास असेच बसलेले मी पाहिलेत. त्यांचे गुडघे कुणी दाबले नव्हते.

आणि खांदे. हे मी माझ्या गिऱ्हाइकांवरून शिकले. पन्नाशी जवळ आली की बायका हळूच सांगतात, "या वेळी हुक पुढे लाव." फॅशन म्हणून सांगत नाहीत, हात मागे जात नाही म्हणून सांगतात. गोमुखासन म्हणजे तोच हात: एक वरून, एक खालून, पाठीवर बोटं अडकवायची. बोटं भेटायची वाट पाहू नका. वरच्या हातात पट्टी धरून मागे सोडा, खालच्या हाताने ती जिथे सापडेल तिथे धरा. माझ्या दोन हातांमध्ये पट्टीचा नऊ इंचाचा तुकडा असायचा, आता तीन उरलाय. उजवा हात वर असताना तीन, डावा असताना पाच. कातर उजव्या हाताने चालवते, त्यामुळे असेल.

उभं राहून वाकणं सगळ्यात शेवटी. हात जमिनीपर्यंत पोचत नाहीत ना, मग जमीन वर आणा. आधी हात खुर्चीच्या बैठकीवर, म्हणजे फरशीपासून साधारण सतरा इंचांवर. तिथे पाठ सपाट ठेवून दहा श्वास निवांत झाले की मगच बुटका स्टूल. तो जमला की पाट. खुर्चीवरून स्टुलावर यायला मला चार महिने लागले, स्टुलावरून पाटावर यायला आठ. शेवटी पाच मिनिटं शवासन. ते गाळलं की दुसऱ्या दिवशी अंग जास्त दुखतं, हा माझा अनुभव.

वेळेचं म्हणाल तर मी सकाळचा हट्ट सोडला. रात्रभर झोपून मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात. उठल्याउठल्या खोल वाकणं कमरेला जड जातं. पहाटेच उठायचं असेल तर तासभर घरकाम करून मग करा. मी दुकान बंद करून, जेवणाआधी, संध्याकाळी सातला करते. पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. लग्नसराईत तीनच होतात. पण रविवारी एकदम दीड तास करून आठवड्याची भरपाई करायला जाऊ नका. एकदा केलं होतं, सोमवारी मशीनचं पायडल मारवेना.

मोजायचं महिन्यातून एकदाच, त्याच वेळेला, सराव झाल्यावर. माझ्या वहीत ब्लाउजच्या मापांच्या मागच्या पानावर आहे: साडेअकरा, अकरा, अकरा, साडेआठ, आठ, परत नऊ (तेव्हा ताप आला होता), सात. वर्षाच्या शेवटी साडेचार. आज दीड. तळहात टेकत नाहीत आणि माझ्या पायांची लांबी पाहता कदाचित टेकणारही नाहीत. टेप बोटाच्या टोकापासून धरा, नखापासून नाही. आणि सकाळी मोजलंत तर दोन इंच जास्त भरेल, तो आकडा वहीत लिहू नका.